‘वारं गेलं’ ते ‘किती वाजता झालं?’ : स्ट्रोकच्या पेशंटचा साडेतीनशे वर्षांचा प्रवास

या भागाचं हे लिखित रूप. लोकलमध्ये नेट जातं, घरी आवाज लावता येत नाही, अशा सगळ्यांसाठी. बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त आकडे नीट लिहून काढलेत.

आज राजे नाहीत, लढाया नाहीत. आज एका आजाराचा इतिहास आहे. आणि त्यातही आजाराचा कमी, त्या आजारातून वाचणाऱ्या माणसांचा जास्त.

सुरुवात एका शब्दापासून करू. आपल्याकडे गावात अजूनही म्हणतात, ‘त्यांच्या अंगावरून वारं गेलं.’ पुस्तकी मराठीत अर्धांगवायू, म्हणजे तिथेही वाराच. आयुर्वेदात पक्षाघात, वातव्याधींपैकी एक. पक्ष म्हणजे शरीराची एक बाजू. लकवा हा शब्द अरबीतून आलेला. इंग्रजीतला ‘स्ट्रोक’ म्हणजे फटका, आणि जुन्या काळी तो देवाच्या हातचा फटका मानला जायचा. ग्रीकांचा शब्द होता अपोप्लेक्सी, त्याचाही अर्थ तोच, फटका बसून कोसळणं.

या सगळ्या शब्दांत एक गोष्ट सारखी आहे. वारं येतं, फटका बसतो, आणि माणसाच्या हातात काही उरत नाही. प्राचीन ग्रीक वैद्यांचं मतही असंच होतं: झटका मोठा असेल तर उपाय नाही, लहान असेल तरी बरं करणं सोपं नाही. हे मत जवळजवळ दोन हजार वर्षं टिकलं.

आज शहरातल्या एखाद्या चांगल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत स्ट्रोकचा पेशंट आणला की डॉक्टर पहिल्यांदा काय विचारतात? ‘किती वाजता झालं?’ माझ्या मते या आजाराचा सगळा इतिहास या दोन वाक्यांच्या मधे आहे. ‘वारं गेलं’ म्हणजे संपलं. ‘किती वाजता झालं’ म्हणजे अजून काहीतरी करता येईल. तर हा बदल कसा झाला, आणि तो सगळ्यांपर्यंत पोचला का, ते बघू.

आधी मेल्यावर कळायचं

१६५८ साल. इकडे शिवाजी महाराजांचं स्वराज्य आकार घेत होतं. तिकडे स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेन गावात योहान याकोब वेपफर नावाच्या डॉक्टरने अपोप्लेक्सीवर एक पुस्तक छापलं. असे झटके येऊन गेलेल्या माणसांचं शवविच्छेदन करून त्याने मेंदू बघितला होता. काहींच्या मेंदूत रक्त साचलेलं सापडलं. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या बंद झाल्या तरी असं होऊ शकतं, हेही त्याने मांडलं.

म्हणजे स्ट्रोकचे जे दोन मुख्य प्रकार आज आपण मानतो, रक्तवाहिनी फुटणं आणि रक्तवाहिनी तुंबणं, ते दोन्ही वेपफरच्या नजरेला आले होते. आजार हृदयाचा नाही, मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा आहे, हे कळलं. पण उपयोग? पेशंट गेल्यावर कळून त्या पेशंटचं काय भलं होणार?

जिवंत पेशंटला मिळायचं काय, तर रक्त काढणं, जळवा लावणं, जुलाब देणं. १८६८ च्या ऑक्टोबरमध्ये लुई पाश्चरला स्ट्रोक आला. वय फक्त ४५. त्यालाही जळवा लावल्या. पाश्चर वाचला. डावा हात आणि पाय पुरते कधीच सुधारले नाहीत, तो शेवटपर्यंत लंगडत चालला. पण १८८५ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर त्याने लस दिली, ती या झटक्यानंतर सतरा वर्षांनी.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतेय. स्ट्रोकनंतर माणूस सावरू शकतो, मोठं काम करू शकतो, हे तेव्हाही दिसत होतं. फक्त कोण सावरणार आणि कोण नाही, हा नशिबाचा भाग होता. वैद्यकाचा त्यात जवळपास काही वाटा नव्हता.

रूझवेल्टला जे मिळालं नाही

आता थेट १९४५. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. दुसरं महायुद्ध संपत आलंय. वर्षभर आधी, मार्च १९४४ मध्ये त्यांना तपासलं तेव्हा ब्लड प्रेशर होतं १८६ वर १०८. आज एवढं प्रेशर दिसलं तर साधा फॅमिली डॉक्टरही लगेच गोळी सुरू करेल. तेव्हा उपाय काय होते? मीठ कमी, विश्रांती, हृदयासाठी डिजिटॅलिस. प्रेशर भरवशाने उतरवणारं औषधच हाताशी नव्हतं.

१२ एप्रिल १९४५ ला दुपारी वॉर्म स्प्रिंग्ज इथे रूझवेल्टनी डोकं भयंकर दुखत असल्याचं सांगितलं आणि ते बेशुद्ध पडले. डॉक्टरने प्रेशर घेतलं, ३०० वर १९०. काही तासांत सगळं संपलं. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला त्या दिवशी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याइतकंच मिळालं, उशी आणि प्रार्थना.

इथे गोष्ट मुंबईत येते. परळच्या केईएम हॉस्पिटलमधले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील. आपल्याकडे सर्पगंधा नावाची वनस्पती पूर्वापार वापरात होती. तिच्या मुळीने ब्लड प्रेशर उतरतं हे वकिलांनी पेशंटवर पद्धतशीर तपासलं आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं. जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याच मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

आता पुढचा दुवा ऐका. १९६७ मध्ये अमेरिकेत एडवर्ड फ्राइस आणि सहकाऱ्यांनी माजी सैनिकांवर केलेल्या चाचणीचे निकाल आले. खूप जास्त प्रेशर असलेले १४३ पुरुष. निम्म्यांना खरी औषधं, निम्म्यांना नुसती साखरेची गोळी म्हणा. खोट्या गोळीच्या गटात २७ जणांना गंभीर त्रास झाला, खऱ्या औषधांच्या गटात २ जणांना. आणि त्या तीन औषधांपैकी एक होतं रेसर्पिन, आपल्या सर्पगंधेतलं.

(एक सूचना. रेसर्पिन आज फारसं वापरत नाहीत, त्याचे दुष्परिणाम आहेत आणि त्याहून चांगली औषधं आलीत. त्यामुळे ‘आपल्या पूर्वजांचं औषध’ म्हणून कुणी मुळी उगाळून घेऊ नका!)

यातून स्ट्रोक येण्याआधीच अडवता येतो हे पक्कं झालं. पण ज्याला स्ट्रोक आलाच आहे, जो हॉस्पिटलच्या दारात पोचलाय, त्याचं काय? त्याच्यासाठी अजून काहीच नव्हतं.

डोकं न उघडता आत बघणं

स्ट्रोक तुंबल्यामुळे आलाय की फुटल्यामुळे, हे बाहेरून बघून खात्रीने सांगता येत नाही. दोन्हीत हात पडतो, तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं. आणि उपचार मात्र अगदी उलटे. तुंबलंय त्याला रक्त पातळ करणारं औषध हवं, फुटलंय त्याला तेच औषध दिलं तर जीव जाईल. म्हणून डॉक्टरांचे हात बांधलेले.

१ ऑक्टोबर १९७१ ला लंडनजवळच्या विंबल्डनमध्ये, ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात, पहिल्यांदा एका जिवंत पेशंटच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. यंत्र बनवलं होतं गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंजिनिअरने, आणि कंपनी होती ईएमआय, तीच, बीटल्सच्या रेकॉर्ड काढणारी. हाउन्सफील्डला १९७९ मध्ये ॲलन कॉर्मॅकबरोबर नोबेल मिळालं. वेपफरला जे मेल्यावर दिसायचं, ते आता पेशंट जिवंत असताना काही मिनिटांत दिसू लागलं.

औषध नाही, वॉर्ड

मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत आवडता भाग आता येतोय, आणि गंमत म्हणजे त्यात कुठलंही नवीन औषध नाही.

स्ट्रोकचे पेशंट हॉस्पिटलमध्ये मरायचे कशाने? बऱ्याच वेळा स्ट्रोकने नाही. गिळता येत नाही, कुणीतरी प्रेमाने पाणी पाजतं, ते फुप्फुसात जातं, न्यूमोनिया होतो. पडून राहून पायात गाठी होतात, त्यातली एक फुप्फुसात जाऊन अडकते. पाठीला जखमा होतात, लघवीत इन्फेक्शन होतं. जनरल वॉर्डात असा पेशंट कोपऱ्यात असायचा, कारण ‘याचं आता काय करणार?’

नॉर्वेच्या ट्रोंडहाइम शहरातल्या बेंट इंड्रेडाविक आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. २२० पेशंट घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. ११० जण नेहमीच्या जनरल वॉर्डात. ११० जण फक्त स्ट्रोकसाठी ठेवलेल्या छोट्या वॉर्डात, ज्याला स्ट्रोक युनिट म्हणतात. तिथे शिकवलेल्या नर्स, फिजिओथेरपिस्ट, डॉक्टर एकत्र बसून प्रत्येक पेशंटचं ठरवायचे. ताप, पाणी, प्रेशर याकडे काटेकोर लक्ष. आणि पेशंटला लवकरात लवकर पलंगावरून उठवायचं.

निकाल १९९१ मध्ये छापून आला. सहा आठवड्यांत जनरल वॉर्डातले १९ जण गेले. स्ट्रोक युनिटमधले ८. सहा आठवड्यांनंतर स्वतःच्या घरी परतलेले, जनरल वॉर्डातले ३६, युनिटमधले ६२. हॉस्पिटल तेच, शहर तेच. फरक फक्त माणसं कशी एकत्र काम करतात याचा.

आणि याच लोकांनी त्या पेशंटना पुढे दहा वर्षं सोडलं नाही. दहा वर्षांनी युनिटवाल्यांपैकी २७ जण जिवंत होते, जनरल वॉर्डवाल्यांपैकी १४. सुरुवातीच्या काही आठवड्यांच्या नीट काळजीचा फरक दहा वर्षांनंतरही मोजता येत होता! १९९३ मध्ये ग्लासगोच्या पीटर लँगहॉर्न आणि सहकाऱ्यांनी अशा दहा चाचण्या एकत्र करून बघितल्या, निष्कर्ष तोच: स्ट्रोक युनिट जीव वाचवतं.

जनरल वॉर्डातल्या त्या कोपऱ्यातल्या पेशंटला ‘काही उपाय नाही’ असं सांगितलं जायचं, ते खोटं होतं. उपाय होता, तो कुणी केला नव्हता.

आता घड्याळ

१९९५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतून बातमी आली. टीपीए नावाचं गुठळी विरघळवणारं औषध, स्ट्रोक सुरू झाल्यापासून ३ तासांच्या आत शिरेतून दिलं, तर तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत असलेले पेशंट ३९ टक्के. न देता, २६ टक्के. पण किंमतही होती. मेंदूत रक्तस्राव होऊन तब्येत बिघडण्याचं प्रमाण औषध दिलेल्यांत ६.४ टक्के, न दिलेल्यांत ०.६ टक्के. म्हणूनच आधी सीटी, मगच इंजेक्शन. पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, आणि २००८ मधल्या युरोपातल्या चाचणीनंतर मुदत साडेचार तासांपर्यंत गेली.

स्ट्रोकच्या इतिहासात पहिल्यांदाच घड्याळाला अर्थ आला. २००६ मध्ये जेफ्री सेव्हर या अमेरिकन डॉक्टरने हिशोब मांडला की मोठी रक्तवाहिनी तुंबली तर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. हा भाग वाचायला तुम्हाला दहाएक मिनिटं लागतील. तेवढ्या वेळाचा गुणाकार तुम्हीच करा.

मग २०१५ चं वर्ष. नेदरलँड्समधल्या ५०० पेशंटच्या चाचणीत जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढली. तीन महिन्यांनी स्वतःच्या पायावर उभे, म्हणजे रोजच्या कामांना कुणाची मदत न लागणारे पेशंट, १९ वरून ३३ टक्क्यांच्या आसपास गेले. त्याच वर्षी आणखी चार चाचण्यांनी हेच दाखवलं. पुढे निवडक पेशंटमध्ये ही मुदत २४ तासांपर्यंत वाढली.

वाचणं वेगळं, सावरणं वेगळं

इथे जरा थांबून नीट बघू. टीपीएच्या त्या चाचणीत मरणाऱ्यांच्या संख्येत खात्रीने सांगावा असा फरक पडला नव्हता. डच चाचणीतही नाही. फरक पडला तो नंतरच्या आयुष्यात. म्हणजे ‘किती वाचले’ एवढंच मोजलं असतं, तर ही औषधं निरुपयोगी ठरली असती!

उलटं उदाहरण घ्या. मेंदूचा मोठा भाग मेला की तो सुजतो, कवटीत जागा नसते, पेशंट दगावतो. अशा वेळी कवटीचा मोठा तुकडा तात्पुरता काढून ठेवतात. २००७ मध्ये युरोपातल्या तीन चाचण्या एकत्र करून बघितलं. ऑपरेशन न करता जगले २९ टक्के, करून ७८ टक्के. केवढा फरक! पण वाचलेल्यांपैकी बरेच जण मोठं अपंगत्व घेऊन जगले. म्हणून आयसीयूबाहेर डॉक्टर नातेवाईकांना विचारतात, ‘तुमच्या वडिलांना असं जगणं चाललं असतं का?’ हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी कुणाला पडलाच नसता.

या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला ग्लासगोच्या जॉन रँकिनने १९५७ मध्ये एक पट्टी बनवली. ती सुधारून आजही वापरतात. शून्य म्हणजे काही त्रास नाही, पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेला, सहा म्हणजे मृत्यू. वर सांगितलेले नव्या उपचारांचे बहुतेक आकडे याच पट्टीवरचे आहेत.

आणि सावरणं म्हणजे काय असतं, तर १९५९ मधली पेड्रो बाख-इ-रिता यांची गोष्ट ऐका. वयाच्या पासष्टीत स्ट्रोक आला, अर्धं अंग गेलं, बोलणं गेलं. त्यांचा मुलगा जॉर्ज तेव्हा मेक्सिकोत डॉक्टरकीचं शिक्षण घेत होता. त्याने वडिलांना बाळासारखं रांगायला लावलं. मग भांडी घासायला, मग टाइप करायला. वर्षभराने ते पुन्हा शिकवायला जाऊ लागले. काही वर्षांनी डोंगर चढताना हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. मेंदू तपासला तर मोठी इजा तशीच होती, भरून आलेली नव्हती. म्हणजे मेंदूच्या उरलेल्या भागाने काम अंगावर घेतलं होतं. त्यांचा दुसरा मुलगा पॉल पुढे याच अभ्यासाकडे वळला, आणि ‘मोठेपणी मेंदू बदलत नाही’ या समजाला धक्का देणाऱ्यांपैकी एक झाला.

आकडे सुधारले, पण सावकाश वाचा

आता मोठं चित्र. इंग्लंडमध्ये २००१ ते २०१० या दहा वर्षांत स्ट्रोकने होणाऱ्या मृत्यूंचा दर निम्म्याहून जास्त घसरला. स्ट्रोक येण्याचं प्रमाणही कमी झालं, पण घसरणीचा मोठा वाटा हा स्ट्रोक येऊनही माणसं वाचू लागली याचा होता. २०१० मध्ये लंडनने तर ठरवलं की ताजा स्ट्रोक जवळच्या कुठल्याही हॉस्पिटलात न्यायचा नाही, शहरातल्या आठ ठरलेल्या केंद्रांतच न्यायचा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, स्कॅन सगळीकडे झाल्यावर छोटे छोटे स्ट्रोकही पकडले जातात. ते पेशंट तसेही वाचणारच असतात, त्यामुळे टक्केवारी आपोआप चांगली दिसते. सगळं श्रेय उपचाराचं नाही. दोन, इंग्लंडच्या त्याच अभ्यासात ५५ च्या खालच्या लोकांमध्ये स्ट्रोक वाढताना दिसले. हा फक्त आजोबांचा आजार आहे असं समजू नका.

आपल्याकडे

मुंबईत २००५ आणि २००६ या दोन वर्षांत डॉ. दलाल आणि सहकाऱ्यांनी शहराच्या एका भागातल्या स्ट्रोकची मोजणी केली. पहिल्यांदाच स्ट्रोक आलेले ४५६ जण सापडले. २८ दिवसांत त्यातले २९.८ टक्के, म्हणजे दहातले तीन गेले. नॉर्वेच्या आकड्याशी याची थेट तुलना करू नका, कारण चाचणीत पेशंट निवडून घेतलेले असतात आणि इथे घरी गेलेलेही मोजलेत. पण ही मुंबई होती. यातल्या दहापैकी जवळजवळ नऊ जणांचा सीटी स्कॅन झाला होता. मशीन होतं. मशीन असणं आणि पेशंटभोवती ट्रोंडहाइमसारखी टीम असणं, यात अंतर आहे.

आता गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेतल्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. २०१५ मध्ये निकाल छापला. आपल्याला वाटतं तिथे मलेरिया, साप, कुपोषण असेल. मृत्यूचं पहिलं कारण निघालं स्ट्रोक. १,५९९ मृत्यूंपैकी २२९. आणि त्या २२९ पैकी ८७ टक्के मृत्यू घरी झाले.

घरी. म्हणजे आत्तापर्यंत मी जे काही सांगितलं, सीटी, युनिट, इंजेक्शन, नळी, त्यातलं काहीच त्यांच्या शेवटच्या दिवसांत जवळ नव्हतं. आमच्या गावी एका नात्यातल्या काकांना मी लहानपणी ओसरीवर बाजेवर पडलेलं बघितलंय. तोंडाला एका बाजूने लाळ, आणि येणारा-जाणारा म्हणायचा, ‘वारं गेलंय, आता देवाच्या हातात.’ हे दृश्य १८६८ चं नव्हतं, ते माझ्या आयुष्यातलं आहे. उपचाराचा इतिहास पुढे गेला, पण तो सगळ्या गावांतून एकाच वेगाने गेला नाही.

‘मग घरच्यांनाच व्यायाम शिकवू या की!’ असं वाटेल. भारतातल्या १४ हॉस्पिटलांत १,२५० पेशंटवर हेच करून बघितलं गेलं, २०१७ मध्ये निकाल आला. घरच्या माणसाला शिकवून घरी सोडलेल्या गटात सहा महिन्यांनी ४७ टक्के लोक मृत किंवा दुसऱ्यावर अवलंबून होते. दुसऱ्या गटात? तेही ४७ टक्के. घरच्यांची माया कमी पडली असं नाही. पण थोडंसं शिकवून सगळा भार सुनेवर, बायकोवर, मुलीवर टाकला, तर टीमची जागा भरून निघत नाही, हे त्यातून दिसलं. अर्थात म्हणून व्यायाम सोडायचे नाहीत हं! मागणी करायची ती शिकलेल्या माणसांची, जवळच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टची.

मग आपण काय करायचं?

हा भाग ऐकणारे बहुतेक जण पंचविशीच्या आसपास आहात. घरात स्मार्टफोन नीट वापरता येणारे तुम्हीच. म्हणून हे तुमच्यासाठी.

चेहरा एका बाजूला ओढला गेलाय का? दोन्ही हात वर करायला सांगितले तर एक खाली पडतोय का? बोलणं अडखळतंय, भलतंच येतंय का? यातलं एक जरी अचानक झालं, तर वेळ बघा आणि १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा. ‘झोपू दे, सकाळी बघू’ असं घरातलं कुणी म्हणेल, ऐकू नका. पाणी पाजू नका, ॲस्पिरिनची गोळी मनाने देऊ नका; आत फुटलंय की तुंबलंय हे तुम्हाला दिसत नाही. आपोआप बरं वाटलं तरी जा.

जायचं कुठे, हे आजच शोधून ठेवा. सगळ्यात जवळचं हॉस्पिटल नको, चोवीस तास सीटी स्कॅन आणि गुठळीचं इंजेक्शन देण्याची सोय असलेलं जवळचं हॉस्पिटल हवं. फोन करून विचारा, नंबर सेव्ह करा. आणि डॉक्टरांना सांगायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे, माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता. ‘सकाळी उठले तेव्हापासून असं’ म्हणाल तर रात्री झोपायला गेल्याची वेळ सांगा.

शिवाय घरातल्या मोठ्यांचं प्रेशर महिन्यातून एकदा मोजा, आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंद करू देऊ नका. रूझवेल्टना जी गोळी मिळाली नाही, ती आज सरकारी आरोग्य केंद्रातही मिळते.

गडचिरोलीच्या त्या गावांत आणि आपल्या तालुक्याच्या ठिकाणी स्ट्रोक युनिट कधी येणार, हा प्रश्न एका फोनने सुटणारा नाही, तो आरोग्य बजेटचा आणि मतांचा प्रश्न आहे. पुढच्या निवडणुकीत कुणी दारात आलं तर जरूर विचारा. तोपर्यंत हा भाग घरच्या ग्रुपवर टाका, ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांमध्ये हरवला तरी चालेल, कुणीतरी वाचेलच.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, आणि प्रेशर मोजा!